मोठी मोटर बसवून देणारे आम्ही : आमची वाटचाल

आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच बोलतो, "ताई, वॉशिंग मशिनला जरा दमदार मोटर टाकून द्या, ब्लँकेट घातली की थांबतं." गॅरेजवाले येतात, पार्लरवाल्या येतात, पाळणाघर चालवणाऱ्या येतात, सगळ्यांचं दुखणं एकच, घरगुती मशिन आहे आणि त्याच्याकडून काम धंद्याचं घ्यायचंय. आम्ही दोघं भावंडं, दादा मोटर वाइंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी भरायचं काम) करायचा आणि मी वायरिंग आणि पॅनेलचं बघायचे, तर आम्हाला वाटलं की यात धंदा आहे. धंदा आहेच, पण मोटर बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे हे कळायला आम्हाला ३ वर्षं आणि एक मोडलेलं मशिन लागलं.

पहिलं काम एका होस्टेलचं, दोन टबवालं सेमी ऑटोमॅटिक. त्यातली धुण्याची मोटर साधारण ३००-४०० वॅट घेणारी, कायम कपॅसिटरवर चालणारी, अशा मोटरचा सुरुवातीचा जोर मुळातच कमी असतो. दादा म्हणाला, "अगं, कपॅसिटर स्टार्ट मोटर टाकू, उठतानाच दुप्पट ताकद देते." बरोबरच होतं त्याचं, तशी मोटर उठताना खरंच जोरात उठते. पट्टी मारून, पाया वेल्डिंग करून, पुली जुळवून अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर बसवली, बटण दाबलं, ओल्या चादरींसकट पल्सेटर, म्हणजे टबच्या तळातली कपडे फिरवणारी चकती, गरकन फिरला आणि आम्ही दोघं खूश. मग टायमरने दिशा बदलली आणि मोटर त्याच दिशेने फिरत राहिली.

कारण साधं आहे, पण त्या दिवशी डोक्यात आलं नाही. कपॅसिटर स्टार्ट मोटरमध्ये आत एक सेंट्रिफ्युगल स्विच असतो, मोटरने वेग घेतला की तो स्टार्टिंग वाइंडिंगचा, म्हणजे मोटर उठवणाऱ्या गुंडाळीचा, सप्लाय तोडून टाकतो. पल्सेटर पूर्ण थांबायच्या आत टायमरने उलटा सप्लाय दिला तर स्टार्टिंग वाइंडिंग सर्किटमध्येच नसते, मग मोटरला उलटं फिरायचंय हे सांगणार कोण? ती आहे त्याच दिशेने पुढे पळते. मशिनची मूळ मोटर वेगळी असते, तिच्यात दोन्ही वाइंडिंग अगदी सारख्या असतात आणि टायमर फक्त कपॅसिटर कधी या बाजूला कधी त्या बाजूला देतो. मीटर लावून बघा, कॉमनपासून दोन्ही टोकांना रेझिस्टन्स सारखा येतो आणि दोन टोकांच्या मध्ये बरोबर दुप्पट. मोटर हातात आली की आजही मी सगळ्यात आधी हेच मोजते.

मग दादाने दुसरा प्रयत्न केला, बाजारातली कायम कपॅसिटरवाली मोठी मोटर आणली, स्विचची भानगड नको म्हणून. तिची मेन वाइंडिंग जाड तारेची आणि स्टार्टिंग बारीक तारेची, त्यामुळे एका बाजूला जोरात आणि दुसऱ्या बाजूला मरगळलेली, शिवाय बारीक वाइंडिंग तापायला लागली. शेवटी त्याने मोटर पूर्ण उघडली, सगळी तार काढली आणि दोन्ही वाइंडिंग एकाच गेजच्या, एकाच टर्नच्या भरल्या. दोन रात्री गेल्या त्यात. पण त्याने भरलेली ती मोटर दोन्हीकडे सारखी फिरली, होस्टेलचं मशिन त्याच मोटरवर नंतर बरीच वर्षं चाललं, आणि माझ्या मते आमचा धंदा खरा सुरू झाला तो तेव्हा. फक्त टायमरचे कॉन्टॅक्ट आम्ही तसेच ठेवले होते, जास्तीचा करंट त्यांना झेपला नाही आणि ४ महिन्यांत एक कॉन्टॅक्ट चिकटून बसला. तेव्हापासून टायमर फक्त रिलेला सिग्नल देतो आणि मोटरचा लोड रिले घेतो, हे आम्ही कधीच सोडत नाही.

मधल्या काळात एक गोष्ट लक्षात आली. मोठी मोटर मागायला येणाऱ्यांपैकी खूप जणांना ती लागतच नाही. कपॅसिटर उतरलेला असतो, वर १० मायक्रोफॅरड लिहिलंय आणि मीटरवर ५ दाखवतोय, मग मोटर घूं घूं करते आणि हाताने ढकलली की फिरते. बेल्ट सैल झालेला असतो. पल्सेटरच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलेलं असतं. आणि सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो व्होल्टेज. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जातो, म्हणजे २३० च्या जागी १९० मिळाले की जोर तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला. एक काका मशिन घेऊन आले, आमच्याकडे मस्त चाललं, घरी नेलं की परत बंद, असं दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी त्यांच्याकडे गेले तर भलं लांबलचक बारीक एक्स्टेन्शन, गुंडाळीसकट तापलेलं. मोटर चालू असताना सॉकेटवर मोजलं आणि काकांना मीटर दाखवला, जाड वायर टाकून दिली, काम झालं. दादाला तेव्हा माझा राग आला होता, ऑर्डर घालवली म्हणून, आणि पैशाची तेव्हा ओढाताणच होती त्यामुळे त्याचंही चूक नव्हतं. पण त्या काकांनीच पुढे आमच्याकडे किती लोक पाठवले.

मग आलो फ्रंट लोडकडे, आणि इथे जरा नीट सांगते कारण लोक इथेच फसतात. जुन्या फ्रंट लोडमध्ये बहुतेक वेळा युनिव्हर्सल मोटर असते, कार्बन ब्रशवाली, मागे वेग मोजणारा छोटा टॅको. ड्रम धुताना साधारण ४५ आरपीएमने फिरतो आणि पिळताना १००० च्या घरात, म्हणजे वेगात वीसपटीहून जास्त फरक, आणि पुली तर एकच. युनिव्हर्सल मोटर हे करू शकते कारण ती १२००० आरपीएमपर्यंत सहज जाते, मॉड्यूल, म्हणजे मशिनचं कंट्रोल सर्किट, तिला टॅको बघत बघत आवरत असतं. (ती मोटर बाहेर काढून, बिनलोडची, थेट सप्लायवर कधीही लावू नका, वेगाला मर्यादा राहत नाही तिच्या.) आता लोकांना हवी असते थ्री फेज इंडक्शन मोटर आणि व्हीएफडी (सप्लायचे हर्ट्झ कमीजास्त करून मोटरचा वेग बदलणारं यंत्र), म्हणजे ब्रश नाहीत, ताकद भरपूर. ऐकायला छान आहे. पण ४ पोलची मोटर (पोल म्हणजे मोटरमधले चुंबकाचे ध्रुव, ते जास्त तितका वेग कमी) ५० हर्ट्झवर फिरते १४४० च्या आसपास, १०० हर्ट्झ दिले तर २९०० धरा. पुलीचं प्रमाण १ला ३ ठेवलं तर पिळताना साडेनऊशे मिळतात, पण धुताना मोटरला फक्त १३५ आरपीएमने फिरावं लागतं, म्हणजे साडेचार हर्ट्झ, आणि तिथे साध्या सेटिंगवर मोटर इतकी ढिली पडते की ओल्या गोधड्यांचा ड्रम अर्धा वर उचलून परत खाली येतो. मोठ्या मोटरचं मशिन छोट्या मोटरपेक्षा कमजोर! पूर्वीच्या मशिनमध्ये याच अडचणीसाठी एकाच मोटरमध्ये २ पोल आणि १६ पोल अशा दोन वाइंडिंग घालायचे, एक पिळायला आणि एक धुवायला, आणि दादा ते बघून नेहमी म्हणतो की ज्यांनी हे केलं त्यांनी विचार करून केलंय.

आम्ही शेवटी १ला ४ वर आलो, व्हीएफडी सेन्सरलेस व्हेक्टर मोडवर (या सेटिंगला कमी वेगातही मोटरचा जोर टिकतो), मोटरचं ऑटो ट्यूनिंग करून. पिळायचा वेग सातशेच्या जरा वर मिळतो, धुताना ६ हर्ट्झवरही मोटर लोड घेते. पण या प्रमाणावर येण्याच्या आधी ते मशिन मोडलं.

१ला ३ च्याच दिवसातलं काम, मूळ मशिन ८०० आरपीएमचं. गिऱ्हाइकाला कपडे जास्त कोरडे हवे होते, व्हीएफडीवर आकडा वाढवणं म्हणजे बटण फिरवणं, आम्ही ११५ हर्ट्झच्या आसपास नेऊन ११०० आरपीएम काढले. दोन लोड नीट झाले. तिसऱ्या लोडमध्ये एक जाड रजई होती, ती पाणी पिऊन एका बाजूला गोळा झाली आणि मशिन थेट वेग घ्यायला लागलं. आधी खालून घुमल्यासारखा आवाज, मग टब कॅबिनेटला धडाधड आपटायला लागला, मी स्टॉप दाबला, पण ब्रेक मारताना फिरत्या ड्रमची ऊर्जा जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावलेला नव्हता त्यामुळे ड्रम लगेच थांबेना, पुढच्या काही सेकंदात कडकन आवाज आला आणि ड्रम तिरका झाला. कुणाला लागलं नाही. उघडून बघितलं तर ड्रमच्या मागचा तीन पायांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर, त्याचा एक पाय मुळातून तुटलेला. तुटलेल्या जागी पांढरी पावडर साठलेली होती, डिटर्जंटने आतून खाऊन टाकलेला, नखाने खरवडलं तरी कण सुटत होते.

हिशोब मी त्या रात्री केला, खरं तर तो आधी करायला हवा होता. फिरण्यातला जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०० चे ११०० म्हणजे वेग सव्वापटीहून थोडा जास्त, पण जोर जवळजवळ १.९ पट. ड्रमची त्रिज्या २४ सेंटीमीटर धरा, अर्धा किलो वजन एका बाजूला असेल तर ८०० ला ते शाफ्टला साधारण ८५ किलोने ओढतं, ११०० ला १६० किलोने. आणि आमची रजई अर्ध्या किलोहून कितीतरी जड होती. मूळ मॉड्यूल असतं तर त्याने मशिन वेग घेऊच दिलं नसतं, कारण ते ९०-१०० आरपीएमवर कपडे पसरून टॅकोमधला चढउतार बघतं आणि कपडे एका बाजूला असतील तर परत हलवतं. आम्ही मोटर बदलताना मॉड्यूल काढलं तेव्हा ही राखणही काढून टाकली होती, आणि त्याच्या जागी काहीच ठेवलं नव्हतं. गिऱ्हाइकाला आम्ही दुसरं मशिन घेऊन दिलं. त्यानंतर दोन महिने एकही फ्रंट लोड घेतलं नाही.

आता मशिन आलं की मोटरला हात लावायच्या आधी ड्रम काढतो. स्पायडरला पांढरं खाल्लेलं दिसलं की काम तिथेच थांबतं, आधी स्पायडर बदला मग पुढचं. बेअरिंग नवीन, ऑइल सील नवीन, शॉक ॲब्सॉर्बर दाबून बघायचे. कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर एक आरपीएमसुद्धा देत नाही, कितीही ओळखीचा माणूस असू दे. व्हीएफडीमध्ये टप्पे ठेवतो, आधी ९० वर वीस सेकंद, तिथे टबवर लावलेला व्हायब्रेशन सेन्सर बघतो आणि जास्त हलत असेल तर परत धुण्याच्या वेगाला. मूळ दरवाजाचा लॉक जसाच्या तसा ठेवतो, ड्रम थांबल्याशिवाय दार उघडता कामा नये, यावर चर्चा नाही. ब्रेकिंग रेझिस्टर लावतो. आणि धुताना मोटर हळू फिरते तेव्हा तिचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, हवाच लागत नाही, म्हणून मागे वेगळा छोटा ब्लोअर. अर्थिंग नसेल तर मशिन देत नाही, कारण व्हीएफडीचा थोडा करंट अर्थला जातोच, कधीकधी त्यामुळे आरसीसीबी (करंट अर्थला गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडतो आणि लोक तो बायपास करून टाकतात, कृपा करून तसं करू नका, व्हीएफडीला चालणारा योग्य टाइपचा आरसीसीबी मिळतो, तो लावून घ्या. आणि प्लग काढला तरी व्हीएफडीच्या आत ३२५ व्होल्टचा चार्ज काही वेळ राहतो, झाकण उघडायच्या आधी निदान १० मिनिटं थांबायचं आणि मग मीटरने खात्री करायची, आमच्या नवीन मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो ते हेच.

यात वेळ जातो. महिन्याला आम्ही मोजकीच मशिन करतो, दादा अजून स्वतः वाइंडिंग भरतो आणि मुलांना शिकवतो. गेल्या आठवड्यात एक पार्लरवाल्या ताई आल्या, टॉवेल पिळायला मशिन दम टाकतं म्हणाल्या, मोठी मोटर टाका. मागचं कव्हर उघडलं तर बेल्ट तेलकट होऊन घसरत होता, टब जास्त हलू नये म्हणून वर लावलेल्या काँक्रीटच्या वजनाचा एक बोल्ट गायब. दोन्ही केलं, तिथेच लोड लावून दाखवला. त्या म्हणाल्या, "मग मोटर?" दादा म्हणाला, "ही चांगली आहे हो ताई, अजून पुष्कळ चालेल."