दरपत्रक एकदाच प्रसिद्ध करावे: नाशिकच्या व्यवसायांसाठी वेब फीड

ऑक्टोबर छाटणीचे दिवस जवळ आले की नाशिक जिल्ह्यात ठिबकचे साहित्य, पंप, फवारणी यंत्रे आणि द्राक्षबागेची औषधे विकणाऱ्यांचे फोन दिवसभर वाजत राहतात, आणि त्यातले बरेचसे फोन एकाच चौकशीसाठी असतात: आजचा दर काय आणि माल कधी येणार. लहान व्यवसायांची संकेतस्थळे उभारण्याचे आणि सांभाळण्याचे काम मी येथे करतो. व्यवसायाने आपली प्रत्येक सूचना एकाच ठिकाणी, स्वतःच्या पत्त्यावर प्रसिद्ध करावी आणि तेथून ती सगळीकडे आपोआप जाऊ द्यावी, असे माझे ठाम मत आहे. वेब फीडने ही सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे.

सध्या हे काम व्हॉट्सॲपवर चालते. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी आपला क्रमांक फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. नव्या ग्राहकाने क्रमांक साठवला नसेल तर त्याला काहीच मिळत नाही. गटाची मर्यादा १,०२४ सदस्यांची आहे आणि तेथे सकाळचा दर दुपारपर्यंत इतर संदेशांखाली जातो. त्याहून मोठी अडचण दरपत्रकाच्या फोटोची आहे. फोटो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्यावरची तारीख कोणी पाहत नाही, आणि निफाडचा विक्रेता जुन्या दराने तर चांदवडचा विक्रेता नव्या दराने मालाची मागणी करतो. व्हॉट्सॲप बंद करावे असे मी कोणालाही सांगत नाही. मूळ माहिती तेथे राहू नये, तिची प्रत तेथे जावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

फीड म्हणजे संकेतस्थळावरची एक साधी फाइल असते. तिच्यात अलीकडच्या नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीला शीर्षक, दुवा, थोडा मजकूर, तारीख व एक कायमची ओळखखूण असते. ग्राहक त्या फाइलचा पत्ता आपल्या फीड रीडरमध्ये, म्हणजे फीड वाचून दाखवणाऱ्या ॲपमध्ये, एकदा टाकतो आणि तो रीडर ठरावीक वेळाने येऊन नवे काही आले आहे का ते पाहतो. दोन्ही बाजूंची व्यवस्था नीट असेल तर काही बदललेले नसताना सर्व्हर ‘बदल नाही’ एवढेच छोटे उत्तर देतो, त्यामुळे साध्या होस्टिंगवरही भार पडत नाही. ग्राहकाला आपला फोन क्रमांक किंवा ईमेल द्यावा लागत नाही, आणि नको झाले की तो स्वतःच पत्ता काढून टाकतो. ज्या ग्राहकाला आपण त्रास देऊ शकत नाही, तो आपली सूचना अधिक विश्वासाने वाचतो, असे मला वाटते.

नेटस्केप या कंपनीने १९९९ मध्ये आरएसएस या फीड लिहिण्याच्या मानकाची पहिली आवृत्ती आणली, २००२ मध्ये आरएसएस २.० आली आणि २००५ मध्ये ॲटम हे दुसरे मानक प्रसिद्ध झाले. व्यवसायाने या दोहोंत निवड करण्यात वेळ घालवू नये, कारण प्रचलित रीडर दोन्ही वाचतात. वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवरचे संकेतस्थळ तर फीड स्वतःच तयार करते. मुख्य पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहिले की ते सहसा उघडते. मालकांना हे दाखवले की त्यांना नवल वाटते, कारण त्यांचे फीड कित्येक वर्षे चालू असते आणि त्याचा पत्ता त्यांनी कोणालाही दिलेला नसतो.

१ जुलै २०१३ रोजी गूगलने आपला रीडर बंद केला तेव्हा फीडचे दिवस संपले असे अनेकांनी मानले. बंद झाले ते वाचण्याचे एक साधन. फीड तसेच राहिले आणि पॉडकास्टचे, म्हणजे ध्वनिमुद्रित कार्यक्रमांचे, वितरण आजही मुख्यतः त्यावरच चालते. गूगलनेच २००७ मध्ये विकत घेतलेल्या फीडबर्नर या फीड वाचकांपर्यंत पोहोचवणाऱ्या सेवेची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. अनेक व्यवसायांनी स्वतःच्या फीडऐवजी त्या सेवेने दिलेला पत्ता वाचकांना दिला होता, आणि २०२१ मध्ये तिची ईमेलने नोंदी पाठवण्याची सोय बंद झाली. म्हणून फीडचा पत्ता नेहमी आपल्याच डोमेनवरचा असावा, याबाबतीत मी तडजोड करत नाही.

बहुतेक ग्राहक स्वतः फीड रीडर वापरणार नाहीत, हे मान्य आहे. परंतु फीडचा खरा उपयोग तेथूनच सुरू होतो. एक नोंद प्रसिद्ध झाली की तीच नोंद वाचून एक सेवा ईमेल पाठवते, दुसरी टेलिग्रामच्या चॅनेलवर टाकते, आणि विक्रेत्याच्या संकेतस्थळावरच्या ‘ताज्या सूचना’ या चौकटीतही तीच दिसते. दर टंकण्याचे काम एकदाच होते. भुरी किंवा डावणी या द्राक्षावरील रोगांवरचा सल्ला ध्वनिमुद्रित करून त्याच पद्धतीने दिला तर बागेत काम करणारा शेतकरी तो मोबाइलवर ऐकू शकतो.

मात्र नोंद लिहिताना काळजी लागते. ‘नवीन माहिती’ हे शीर्षक निरुपयोगी आहे; ‘१६ मिमी लॅटरलचा सुधारित दर, ५ सप्टेंबरपासून लागू’ असे शीर्षक असले तर नोंद न उघडताही काम होते, कारण पुष्कळ ठिकाणी फक्त शीर्षकच पोहोचते. तारखेसोबत भारतीय वेळेचा साडेपाच तासांचा फरक नोंदलेला नसेल आणि सर्व्हरने ती ग्रीनिच वेळ धरली, तर सकाळी ९ वाजताची नोंद वाचकाला दुपारी अडीचची दिसते. ओळखखूण तर कधीच बदलू नये. येथील एका पंप विक्रेत्याचे संकेतस्थळ नव्या पत्त्यावर हलवताना ते काम करणाऱ्यांनी सगळ्या जुन्या नोंदींच्या ओळखखुणा बदलल्या. रीडरच्या दृष्टीने त्या सर्व नोंदी नव्या ठरल्या, मागचे दर ताजे म्हणून विक्रेत्यांच्या फोनवर आले आणि प्रत्येकाला फोन करून खुलासा करावा लागला. दर चुकला असेल तर जुनी नोंद गुपचूप बदलण्यापेक्षा ‘दुरुस्ती’ या शब्दाने सुरू होणारी नवी नोंद टाकावी, कारण अनेक रीडर आधी दाखवलेल्या नोंदीतला बदल पुन्हा समोर आणत नाहीत.

फीडमध्ये काय घालू नये हेही आधी ठरवावे लागते. फीड सर्वांसाठी खुले असते आणि प्रतिस्पर्धीही ते वाचतो, त्यामुळे विक्रेत्यांची खास सवलत, उधारीच्या अटी किंवा एखाद्या ग्राहकाची मागणी तेथे येता कामा नये. परवलीचा शब्द लावून फीड बंदिस्त करता येते, परंतु सर्वच रीडर तो शब्द नीट हाताळत नाहीत आणि नोंदी पुढे वाटणाऱ्या सेवांकडे तो सोपवणे मला धोक्याचे वाटते. अशा गोष्टींसाठी फोन आणि ईमेल हेच योग्य मार्ग आहेत. किरकोळ विक्रीचे दर, मालाची आवक, सेवा केंद्राच्या सुटीचे दिवस आणि यंत्राच्या सुट्या भागांतले बदल एवढे फीडमध्ये नियमाने येऊ लागले, तरी हंगामातले बरेचसे फोन कमी होतील.