तुम्ही विचारलंत म्हणून: वेगासला आता का जात नाही

"यंदाही सीईएसला गेली नाहीस?" सीईएस म्हणजे दर जानेवारीत लास वेगासला भरणारं इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं मोठं प्रदर्शन. जानेवारी उजाडला की हा प्रश्न येतो. नातेवाईक विचारतात, जुने सहकारी विचारतात, व्हिडिओ बघणारे तर रोज विचारतात. 2018, 2019, 2020 आणि 2023, अशी चार वर्षं मी लास वेगासहून मराठीत लिहिलं, बोलले, आणि मग एकदम थांबले. आजवर मी कधी व्हिसाचं कारण सांगितलं, कधी तिकिटाच्या दराचं, कधी आईच्या तब्येतीचं. तिन्ही खोटी नाहीत. पण खरं कारण त्यांतलं एकही नाही.

आधी नेहमीच्या दोन शंका. तिथे फुकट मोबाइल वाटत नाहीत. कापडी पिशव्या आणि पेनं मिळतात. आणि मला कुठली कंपनी पाठवत नव्हती. 2020 मध्ये एका कंपनीने हॉटेलचा खर्च केला होता, ते मी त्याच वेळी सांगून टाकलं होतं. बाकी तिन्ही वेळा पैसे माझे. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता सांगतानाच चिडचिड होते. विचारणाऱ्याच्या मनात पक्कं असतं की पैसे घेतले तरच माणूस चुकीचं सांगतो. तसं असतं तर मला आज एवढं लिहावं लागलं नसतं.

पहिल्या वर्षाचं एक सांगते. 10 जानेवारी 2018 ला प्रदर्शनाच्या सेंट्रल हॉलची वीज गेली. कित्येक महिने कोरड्या असलेल्या वेगासमध्ये त्या आठवड्यात जोरदार पाऊस झाला, ओलाव्याने ट्रान्सफॉर्मर बिघडला, आणि जवळपास दोन तास बड्या बड्या टीव्ही कंपन्यांच्या भिंती काळ्या पडल्या. मी एका स्टॉलच्या कार्पेटवर बसून होते, शेजारी त्याच स्टॉलचा एक इंजिनिअर. दाखवायला काहीच उरलं नाही म्हटल्यावर तो मोकळेपणी बोलायला लागला. पडद्यावर फिरणारी दृश्यं कशी निवडतात, स्टॉलवर एवढा अंधार का ठेवतात, घरातल्या ट्यूबलाइटखाली तोच टीव्ही कसा दिसेल. त्या वर्षी मी सगळ्यात जास्त शिकले ते या दोन तासांत. म्हणजे डेमो काय चीज असते, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणताच येत नाही.

आता जानेवारी 2023. सीईएसच्याच व्हेनिशियन एक्स्पो या दुसऱ्या जागेतला डिजिटल हेल्थचा, म्हणजे आरोग्याच्या उपकरणांचा भाग. माझ्या आईला मधुमेह होऊन बावीस वर्षं झाली. रोज सकाळी ती खिडकीपाशी बसून बोट टोचते. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक निबर झालंय, थेंब यावा म्हणून ते ती दाबत राहते. त्यामुळे "सुई नको, मनगटावर शुगर बघा" अशा अर्थाची पाटी दिसली तेव्हा मी थांबले ती लेक म्हणून.

छोटासा स्टॉल, उंच टेबल, काचेच्या वाडग्यात चॉकलेटं. घड्याळ त्यांच्याच माणसाच्या मनगटावर. आकडा 104. त्याने माझ्यासमोर चॉकलेट खाल्लं, गप्पा मारत राहिला, आणि आकडा चढायला लागला. 109, 117, 128. मी मोबाइलवर टिपत होते. "बघा, माझ्या डोळ्यांदेखत वाढतेय," असा माझा आवाज त्यात आहे, आनंदाने चिरका झालेला. मान्यतेचं विचारलं तर तो म्हणाला, प्रक्रिया सुरू आहे. कुठली प्रक्रिया, कोणाकडे, हे मी विचारलं नाही. बोट टोचून आकडा ताडून दाखवा, असंही म्हटलं नाही.

वेगासमध्ये संध्याकाळचे साडेसहा म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे आठ. लोकांनी चहाबरोबर बघावं म्हणून मी घाईघाईने व्हिडिओ चढवला. शीर्षक माझंच: "बोट टोचायचे दिवस संपले!" खाली लिहिलं, "मी स्वतः पाहिलंय." माझा सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ अजूनही तोच आहे.

डिसेंबरात, एका रविवारी दुपारी फोन आला. कराडकडचे निवृत्त शिक्षक. "ताई, तुमचा व्हिडिओ बघून आम्ही घड्याळ घेतलं." मी दाखवलेलं घड्याळ बाजारात आलंच नव्हतं, म्हणून त्यांनी तसंच दिसणारं दुसरं ऑनलाइन मागवलं होतं. काकू इन्शुलिनवर. घड्याळ रोज शंभर-सव्वाशे दाखवायचं, म्हणून बोट टोचणं बंद झालं, स्ट्रिपा आणणंही बंद झालं. एका पहाटे तीनच्या सुमाराला काकूंना दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. काकांनी आधी घड्याळ पाहिलं. 112. म्हणून पित्त झालं असेल असं समजून ते पाणी देत बसले. मुलगा वरून धावत आला, त्याने कपाटातून जुना ग्लुकोमीटर काढला, डबीत उरलेली एकच स्ट्रिप लावली. 41, म्हणजे साखर पार खाली गेलेली. मग साखरपाणी, मग गाडी, मग दवाखाना. काकू वाचल्या.

आता हे मला बोलतील, अशी मी वाट बघत होते. ते म्हणाले, "ताई, सेटिंगमध्ये काही चुकलं का आमचं? टाकून देण्याआधी तुम्हाला विचारावं म्हटलं."

त्यावर मी काय बोलले तेही सांगते. मी म्हणाले, "काका, मी दाखवलं ते हे घड्याळ नव्हतंच." ते लगेच म्हणाले, "हो, ते कुठे मिळेना ना, म्हणून हे घेतलं." त्यांना वाटलं मी मॉडेलचं बोलतेय. मी अंग काढून घेत होते.

त्या रात्री मी माझाच व्हिडिओ पुन्हा लावला. चॉकलेट तोंडात जातं आणि त्यानंतर चाळीस सेकंदांच्या आत आकडा हलतो. इतक्या लवकर तो हलायलाच नको. खाल्लेली साखर आधी पोटातून आतड्यात, तिथून रक्तात, आणि रक्तातून कातडीखालच्या द्रवात उतरायला आणखी काही मिनिटं. साखर मोजायला दंडावर लावतात त्या सेन्सरचा केसासारखा तंतू खरोखर कातडीखाली जातो, तरी तोसुद्धा रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतो. हे मला माहीत होतं, मी त्यावर लिहिलेलंही होतं. आणि मनगटावरच्या हिरव्या दिव्याला नाडी कळते, साखर कळत नाही, हेही माहीत होतं. पुरावा माझ्याच मोबाइलमध्ये अकरा महिने पडून होता.

फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, जाहीर इशारा दिला: कातडी न टोचता स्वतःच्या बळावर साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, आणि चुकीच्या आकड्यावर औषध घेतलं तर जीवावर बेतू शकतं. खूप जणांनी ती बातमी मला पाठवली. त्याआधीच, जानेवारीचं काढलेलं तिकीट मी रद्द केलं होतं.

एका चुकीसाठी जाणंच सोडायचं का, असं माझी बहीण विचारते. तिचं चुकतंय असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. 2020 मध्ये मीच लिहिलं होतं की वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिच्यावर लिहू नये, आणि मराठी वाचकाच्या ताटात इंग्रजी बातम्यांचं उष्टं का वाढायचं? तेव्हाच्या त्या माझ्याशी मी अजून भांडते. 2019 मध्ये पेटीत गुंडाळला जाणारा एलजीचा टीव्ही मी तिथे उभी राहून बघितला होता. पडदा किती सावकाश, किती ताठ वर येतो ते फोटोत कळलं नसतं. आणि तो खरंच बाजारात आला, 2020 मध्ये कोरियात, 10 कोटी वॉनला. तिथे दिसतं ते सगळं खोटं नसतं. जाऊन बघायला हवं, हे माझं तेव्हाचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. पण बघणं कशाला म्हणायचं, हे मी तेव्हा कधी ठरवलं नव्हतं. मनगट त्यांचं, चॉकलेट त्यांचं, वेळ चार मिनिटं, आणि मी खाली सही केल्यासारखं लिहिते, "मी स्वतः पाहिलंय." हे वाक्य न लिहिता तिथून परत येता येईल का? आलं तर घातलेल्या पैशांचं आणि वेळेचं काय सांगू, आणि ऐकणार कोण?

व्हिडिओ मी काढलेला नाही. शीर्षक बदललं, सगळ्यात वर सूचना टाकली, काकूंची हकीकत नाव न घेता सांगितली. काढला असता तर माझी चूक झाकली गेली असती. ठेवलाय, तर सूचना न वाचता अजूनही कोणीतरी तो बघतंय. काय बरोबर ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

आईने तो व्हिडिओ पहिल्याच सकाळी पाहिला होता. "आपल्याला कधी आणतेस?" असं तिने विचारलं होतं. नंतर तिने तो विषय काढला नाही, मीही नाही.

काकांचा मेसेज मागच्या आठवड्यात आला. काकू बऱ्या आहेत. बीपीचं मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ? मी लिहिलं, डॉक्टरांना विचारा. त्यांचं उत्तर आलं, "डॉक्टर म्हणतात कुठलंही चांगलं घ्या. तुम्ही सांगाल तेच घेतो." त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.