‘तुमचं फर्मवेअर अद्ययावत आहे’

घरच्या राउटरचं सेटिंगचं पान मी वर्षातून एकदोनदा उघडते. अपग्रेडच्या बटणावर क्लिक करायचं, जरा थांबायचं, की हिरव्या अक्षरांत उत्तर येतं : तुमचं फर्मवेअर अद्ययावत आहे. (फर्मवेअर म्हणजे राउटरला आतून चालवणारं सॉफ्टवेअर.) हायसं वाटून पान बंद करायचं. गेल्या वर्षी त्या हिरव्या ओळीखाली बारीक करड्या अक्षरांत छापलेली तारीख मी पहिल्यांदा नीट वाचली. ते फर्मवेअर साडेचार वर्षांपूर्वीचं होतं.

हिरवं वाक्य तसं खोटं नव्हतं. कंपनीकडे याहून नवं काही नाही, एवढंच ते सांगत होतं. मी मात्र इतकी वर्षं त्याचा अर्थ ‘काळजीचं कारण नाही’ असा घेत आले होते.

माझं काम वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचं. तिथे प्रत्येक यंत्राची नोंद असते. शेवटची तपासणी कधी झाली, सुटे भाग कधीपर्यंत मिळणार, कंपनीने हात कधी वर केले, सगळं कागदावर. त्यामुळे ती तारीख मला जास्तच लागली. घरात दिवसरात्र चालू असणारं आणि एक तोंड कायम बाहेरच्या जगाकडे असणारं यंत्र म्हणजे राउटर, आणि त्याची मुदत संपल्याचं मला कुणी कळवलेलंही नव्हतं. २०१८ साली ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं पोखरली होती, आणि त्यांत बहुतेक घरांतले आणि छोट्या कार्यालयांतले राउटरच होते. अमेरिकेच्या एफबीआयने तेव्हा लोकांना राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. त्याने त्या प्रोग्रॅमचे पुढचे टप्पे पुसले जायचे, पहिला टप्पा मात्र आत तसाच तग धरून राहायचा. तो काढायला फॅक्टरी रीसेट करावा लागायचा, आणि पुन्हा शिरकाव होऊ नये म्हणून नवं फर्मवेअर घालावं लागायचं. आणि नवं फर्मवेअर निघालंच नाही तर बदलणार काय?

कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, ठेवलेला होता. तो उतरवून पाहिला. आत लिनक्स ही खुली संगणक-प्रणाली होती, आणि तिचा कर्नल (गाभा) २.६.३१, म्हणजे २००९ सालचा! राउटर मी त्यानंतर कितीतरी वर्षांनी घेतला होता. पेटीतून नवाकोरा निघाला तेव्हाच तो आतून जुना होता.

हा सोर्स कोड ठेवणं कंपनीला भाग का पडतं, त्याची गोष्ट मला फार आवडते. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स आहे हे २००३मध्ये काही जाणकारांच्या लक्षात आलं. लिनक्सचा परवाना जीपीएल. त्याची अट अशी, की तुम्ही हे वापरून वस्तू विकली तर सोर्स कोडही दिला पाहिजे. लोकांनी तो मागितला, मागतच राहिले, आणि शेवटी तो खुला झाला. त्यातूनच २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं फर्मवेअर सुरू झालं. पुढे त्याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत कंपनीने फ्लॅश, म्हणजे फर्मवेअर साठवायची जागा, ४ एमबीवरून २ एमबीवर आणली, रॅम १६वरून ८वर, आणि लिनक्स काढून दुसरीच प्रणाली बसवली. ग्राहक नाराज झाले. मग लिनक्सवाल्यांसाठी त्याच राउटरचा ‘जीएल’ नावाचा वेगळा अवतार काढावा लागला. बाहेरून एकसारख्याच दिसणाऱ्या डब्याच्या आत काय आहे ते खालच्या स्टिकरवरच्या आवृत्तीवरून कळतं, हे तेव्हापासूनचं आहे. माझ्या भावाच्या बाबतीत मी नेमकं हेच विसरले. त्याकडे येतेच.

माझा राउटर ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत होता. १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम. हल्ली ८ आणि ६४च्या खाली त्यांचं काम भागत नाही, त्यामुळे मी निर्धास्त होते. फाइल उतरवली, शा-२५६ची बेरीज (फाइल वाटेत बिघडली नाही ना, हे सांगणारा आकडा) जुळवून पाहिली, आणि रविवारी दुपारी कंपनीच्याच अपग्रेडच्या पानातून ती चढवली. पहिल्या वेळी काहीच अडलं नाही. दोन मिनिटांत दिवे पुन्हा लागले आणि १९२.१६८.१.१वर नवं पान उघडलं.

अडलं ते दोन महिन्यांनी, पुढची आवृत्ती टाकताना. फाइल लिहिली जात असतानाच टेबलाखालच्या एक्स्टेंशन बोर्डाला माझा पाय लागला. पिन सैल होती, ती निघालीच. राउटर बंद. पुन्हा लावला तर पॉवरचा दिवा लागला, बाकी सगळे दिवे एकदाच लुकलुकून विझले. पुन्हा तेच, दर काही सेकंदांनी. आतल्या खोलीतून मुलीने विचारलं, “आई, नेट गेलं का गं?” मी म्हटलं, गेलंय, थोडा वेळ लागेल. संध्याकाळ गेली.

राउटर ‘ब्रिक’ झाला, म्हणजे विटेसारखा निरुपयोगी झाला म्हणतात, तो असा. पण बूटलोडर, म्हणजे चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम, शाबूत असेल तर तो मेलेला नसतो, आणि नेहमीच्या अपग्रेडमध्ये बूटलोडरला कुणी हात लावत नाही. माझ्या मॉडेलचा बूटलोडर रीसेटचं बटण दाबून चालू केला, की १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरच्या संगणकाकडे एका ठरावीक नावाची फाइल मागतो. टीएफटीपी म्हणतात त्या पद्धतीने. लॅपटॉपला तो पत्ता दिला, फाइलचं नाव बदललं, केबल जोडली, बटण दाबून धरलं. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. लॅपटॉपची फायरवॉल चालूच होती, हे अर्ध्या तासाने ध्यानात आलं. ती बंद केली, तरी काही नाही.

मग कारण सापडलं, आणि ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून नीट लिहिते. राउटर चालू होतो तेव्हा त्याचं पोर्ट क्षणभर मरून जागं होतं. तेवढ्यात लॅपटॉपचंही पोर्ट ‘केबल निघाली’ असं समजून बंद होतं, आणि ते पुन्हा जागं होईपर्यंत बूटलोडरची फाइल मागून झालेली असते. दोघांच्या मध्ये एक साधा नेटवर्क स्विच ठेवला, की लॅपटॉपच्या बाजूची जोडणी तुटतच नाही. कपाटातून जुना पाच पोर्टचा स्विच काढला, मध्ये लावला, बटण दाबून मनात दहा अंक मोजले. टीएफटीपीच्या काळ्या खिडकीत एक ओळ उमटली : फाइलची मागणी आली. पाठोपाठ टक्के सरकायला लागले. त्या वेळी झालेला आनंद अजून आठवतो.

तेव्हापासून एक नियम केला आहे. पहिलं अपग्रेड करण्याआधी ‘एआरटी’ नावाच्या विभागाची प्रत काढून दुसरीकडे ठेवायची. फ्लॅशच्या अगदी शेवटी जेमतेम ६४ केबीची ही जागा असते, आणि त्या एकाच राउटरच्या रेडिओचं, म्हणजे वायफायच्या लहरी पाठवणाऱ्या भागाचं, कॅलिब्रेशन तिच्यात असतं. कारखान्यात मोजून लिहिलेलं. ते पुसलं गेलं तर शेजारच्या त्याच मॉडेलचंही चालत नाही.

मिळालं काय, असं घरचेही विचारतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, हे पहिलं. दुसरं म्हणजे एसक्यूएम, डेटाच्या रांगा हुशारीने लावण्याची सोय. मुलगी मोठी फाइल वर चढवत असली की माझ्या कॉलवर आवाज तुटायचा, याला आम्ही कायम जोडणीचा दोष समजत होतो. खरं तर डेटाच्या पाकिटांची रांग राउटर आणि मोडेममध्येच तुंबायची. ‘केक’ नावाची रांग लावण्याची पद्धत चालू केली, आणि अपलोड चालू असताना चारशे मिलिसेकंदांवर जाणारा पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) तीसच्या आसपास थांबला. त्याच राउटरवर, त्याच जोडणीवर. नव्या वस्तूवर एक पैसाही खर्च न करता.

हे सगळं मी भावाला इतक्या उत्साहाने सांगितलं, की त्याने त्याच नावाचा राउटर मागवला. आठवड्याभरात फोन. “ताई, हा फाइल घेतच नाही. फाइल अवैध आहे म्हणतोय.” मी स्टिकर वाचायला सांगितला. माझ्याहून तीन आवृत्त्या पुढचा होता तो. नाव तेच, डबा तोच, आतली चिप वेगळी, आणि फर्मवेअरवर कंपनीची डिजिटल सही असल्याशिवाय ते स्वीकारायचं नाही अशी व्यवस्था. त्याने माझ्या शब्दावर घेतला होता. मला फार वाईट वाटलं.

कंपनीला पत्र लिहिलं. दोन प्रश्न विचारले : या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळतील, आणि दुसरं फर्मवेअर का घालता येत नाही? पहिल्याचं उत्तर आलंच नाही. दुसऱ्याचं आलं, की रेडिओसंबंधीच्या नियमांचं पालन करण्यासाठी.

हे कारण बनावट नाही, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवं. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायला रडारबरोबर जागा वाटून घ्यावी लागते. विमानतळांजवळची हवामानाची डॉप्लर रडार ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झवर चालतात आणि उतरणाऱ्या विमानांना वाऱ्याच्या अचानक झोतांची सूचना देतात. म्हणून अशा चॅनलवर जाण्याआधी राउटरने किमान मिनिटभर नुसतं ऐकायचं असतं, आणि रडार ऐकू आलं तर दहा सेकंदांत जागा सोडून अर्धा तास तिकडे फिरकायचं नसतं. हे तोडणं कुणाच्याही जिवाशी खेळ आहे. मी माझ्या राउटरला माझ्याच देशाचा कोड दिला आहे आणि रेडिओची पॉवर वाढवण्याच्या भानगडीत पडलेले नाही. कुणी पडू नये.

पण या नियमाचा पुढे काय अर्थ लावला गेला पाहा. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, मार्च २०१५च्या मार्गदर्शक कागदात उत्पादकांना विचारलं, की डीडी-डब्ल्यूआरटीसारखं बाहेरचं फर्मवेअर घालण्यापासून तुमचं उपकरण कसं सुरक्षित ठेवलंय ते सविस्तर लिहा. त्यावर बराच विरोध झाला. इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांच्यासह अडीचशेहून अधिक तज्ज्ञांनी सह्या करून पत्र दिलं, आणि नोव्हेंबरमध्ये एफसीसीने शब्द बदलले : आमचा रोख रेडिओच्या मर्यादांवर आहे, सगळं बाहेरचं फर्मवेअर बंद करा असं आमचं म्हणणं नाही. ऑगस्ट २०१६मध्ये तर उलटंच घडलं. पॉवरच्या मर्यादेच्या प्रकरणात टीपी-लिंकने २ लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं, आणि त्याच तडजोडीत बाहेरच्या फर्मवेअरला जागा देण्याच्या दिशेने काम करायचंही कबूल केलं. म्हणजे नियामकानेच दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. तरीही कुलूप पूर्ण डब्याला लावणं कंपन्यांना सोपं पडतं, कारण रेडिओपुरतं वेगळं कुलूप बनवायला मेहनत लागते.

तसं ते बनवता येतं. माझ्या राउटरमधल्या ५ गिगाहर्ट्झच्या चिपचं स्वतःचं बंद फर्मवेअर आहेच, ओपनडब्ल्यूआरटी घातल्यावरही तेच चालतं. मर्यादा तिथे बसवा. बाकीचं लिनक्स, फायरवॉल, रांगा यांचा रडारशी काय संबंध? २०२४च्या अखेरीस ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांनी स्वतःचाच राउटर काढला, ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’. त्यात दोन वेगळ्या फ्लॅश चिप आहेत आणि बाहेर एक छोटं बटण. मुख्य फ्लॅश बिघडली, की बटण सरकवायचं आणि दुसरीवरून राउटर पुन्हा उभा करायचा. एक्स्टेंशन बोर्डाला पाय लागलेल्या संध्याकाळी मला असंच काहीतरी हवं होतं.

भावाने आता दुसरा राउटर घेतला आहे. या वेळी मागवण्याआधी आम्ही फोनवरच ओपनडब्ल्यूआरटीची यादी उघडली, आवृत्तीचा आकडा जुळवला, आणि विकणाऱ्याकडून स्टिकरचा फोटो मागवून घेतला. त्याचा आधीचा कुलूपबंद राउटर माझ्या टेबलावर आलाय. परवा त्याचे स्क्रू काढले. बोर्डाच्या कडेला सिरियल पोर्टची, म्हणजे तारा जोडून राउटर आत काय करतोय ते थेट पाहता येतं त्या जागेची, चार भोकं ओळीने होती, सोल्डरने बुजवलेली. ती मोकळी केली, तीन बारीक तारा जोडल्या, ३.३ व्होल्टचा अॅडॉप्टर लावला, वेग ११५२०० ठेवला आणि राउटर चालू केला. पडद्यावर बूटलोडर बोलायला लागला, मग कर्नल. पहिल्याच ओळीत ‘लिनक्स’ लिहून आलं. ओळी भराभर सरकत गेल्या, आणि शेवटी राउटरने माझ्याकडे पासवर्ड मागितला.

त्याच्या पेटीत एक घडी घातलेला कागद होता. जीपीएलखालचा सोर्स कोड मागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत दिला जाईल, असं त्यावर छापलंय. परवान्यानुसार त्यात फर्मवेअर बांधायच्या आणि बसवायच्या स्क्रिप्टही येतात. तो कागद समोर ठेवून मी कंपनीला दुसरं पत्र लिहिलं, मॉडेल, आवृत्ती आणि सिरियल नंबरसकट. पोच आली आहे. तारा मी अजून काढलेल्या नाहीत.