बाबागाडीतली वांगी

आमच्या चिरंजिवांची बाबागाडी साडेसहा हजारांची आहे. पावणेदोन वर्षांच्या माणसाला एवढं वाहन कशाला, असं सासरे म्हणाले होते. तेव्हा एका हातानं मिटणारी दांडी, गोल फिरणारी पुढची चाकं आणि उन्हाची टोपी दाखवून मी त्यांना गप्प केलं होतं. आता हे लिहिताना ते शेजारच्या खोलीत पेपर वाचतायत. त्यांच्या हाती हा मजकूर लागू नये, एवढीच इच्छा आहे.

जळगावला चार दिवस जायचं ठरलं ते नवऱ्याच्या आत्यांकडे. बाळ गाडीत बसेल, आम्ही मागून ढकलत ढकलत आरामात शहर बघू, बाळाला झोप आली की तिथंच झोपेल, असं चित्र मी रंगवलेलं. असलं चित्र ज्यांना सुचतं त्यांचं मूल अजून व्हायचं असतं. माझं होऊनही मला सुचलं.

रात्री पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं निघालो. त्या रात्रीबद्दल काही लिहीत नाही. मनमाडला डब्यातले सगळे जागे होते, आमच्यामुळे, एवढं पुरे. सकाळी जळगावच्या स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठी जायाचं भाऊ?" मग मिटलेल्या बाबागाडीकडे बघून म्हणाला, "मोडेल सायकल हाये का ही?"

आत्या दारातच उभ्या. पोराला माझ्याकडून ओढून घेतलं, कडेवर बसवलं आणि मग त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं. "माय व! एवढंसं पोर न् त्याले गाडी?" त्यानंतर चारही दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती गाडी उघडून-मिटून दाखवण्यात आली. शिवाय एक तक्रार पदरी पडली ती वेगळीच. कार्तिकी एकादशीच्या रथाला या म्हणून आत्यांनी दोन महिने आधी सांगितलं होतं, आणि आम्ही आलो डिसेंबरात. "रथ नाही पाहिला तं जळगाव काय पाहिलं?" मामा मात्र म्हणाले, बरोबर आले, मे महिन्यात आले असते तर पंचेचाळीसच्या पाऱ्यात पोराला घराबाहेर काढता आलं नसतं.

आता गाडीचं सांगते. फुले मार्केट आणि गोलाणी मार्केटच्या बाजूला संध्याकाळी बाबागाडी घेऊन जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. फूटपाथ असेल तिथे दुकानाबाहेर मांडलेला माल, माल नसेल तिथे दुचाक्या, दुचाक्यांच्या मधून हातगाड्या, आणि या सगळ्यातून वाट काढणारी एक निवांत गाय. चिरंजीव गाडीत बसले ते मोजून चार मिनिटं. मग उतरले. मग त्यांना गाडी स्वतः ढकलायची होती. त्यांची उंची गाडीच्या दांडीपेक्षा कमी, त्यामुळे समोरचं काही दिसत नाही, आणि आवेश मात्र ट्रक चालवणाऱ्याचा. पुढून नवरा लोकांना "जरा, जरा" करत चाललाय, मध्ये रिकामी गाडी, तिच्यामागे हा, आणि त्याच्यामागे मी कमरेत वाकून. पुण्यात कुणीतरी नक्की म्हणालं असतं, "मुलांना गर्दीत आणतातच कशाला?" इथे एका कपड्याच्या दुकानातल्या माणसानं बाहेर येऊन दुचाक्या सरकवून वाट करून दिली आणि पोराला विचारलं, "लायसन हाये का भो?"

तरी माझी चिडचिड गेली नाही, हे खरं सांगते. लोक चांगले असले म्हणून चाकं खड्ड्यातून निघत नाहीत.

सराफ बाजारात आत्यांना वाळे बदलून घ्यायचे होते. जळगावच्या सोन्याची ख्याती मी लग्नाआधीपासून ऐकून आहे, लग्न जळगावकडच्या मुलाशी ठरलं तेव्हा माझ्या काकूंचा पहिला प्रश्न मुलाच्या पगाराबद्दल नव्हता, "सोनं तिकडूनच घेणार ना?" हा होता. दुकानात पोराला सरळ काउंटरवर बसवलं गेलं. त्यानं मखमली ट्रे दोन्ही हातांनी उचलून हलवला. नवऱ्याचा चेहरा मी तसा पुन्हा पाहिलेला नाही. काही पडलं नाही. मोजून झालं, चहा झाला, वाळे झाले.

दुसऱ्या दिवशी गांधी तीर्थ. शहराबाहेर जैन हिल्सवर, आमराईत, दगडी बांधकामाचं फार देखणं संग्रहालय आहे. 2012 मध्ये याच जिल्ह्याच्या लेकीनं, तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. कानाला हेडफोन लावायचा आणि एकेका दालनातून गांधीजींचं आयुष्य ऐकत पुढे जायचं. इथे शांतता लागते, आणि आमच्याकडे तीच नव्हती. मग आम्ही गांधीजी पाळीपाळीनं बघितले. आधी नवरा आत, मी बाहेर झाडांखाली पोरामागे पळत; मग उलट. मी दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचले होते, एवढ्यात फोन आला. "शी." बदलायचे कपडे माझ्या पर्समध्ये होते. माझ्यापुरती दांडीयात्रा अजून व्हायची आहे.

तुम्ही अजिंठ्याला गेलात ना, असं परत आल्यापासून सगळे विचारतायत. जळगावहून साठ किलोमीटर. नाही गेलो. ज्याला जिना दिसला की चढायचाच असतो असं मूल घेऊन लेण्यांना जाऊन दाखवा, मग बोलू. काव्यरत्नावली चौकात मात्र दोनदा गेलो, कारण जवळच बाग आहे आणि बागेत घसरगुंडी आहे. 1887 साली या गावातून निघू लागलेल्या कवितेच्या मासिकावरून त्या चौकाचं नाव आहे, हे मामांनी सांगितलं. कवितेच्या मासिकाचं नाव चौकाला, आणि रिक्षावाले ते दिवसातून शंभरदा उच्चारतात. पुणेकर म्हणून जरा जळलेच मी.

तिसऱ्या दिवशी वांगी.

इथे माझी बाजू सांगायला हवी. मी सांगलीची. आमच्याकडे कृष्णाकाठची वांगी असतात. छोटी, काटेरी, भरून केली की तोंडात विरघळणारी. वांगं म्हटलं की विषय आमच्याकडेच संपतो, असं मी लहानपणापासून समजत आले. जळगावची भरताची वांगी मी याआधी फक्त फोटोत पाहिलेली: फिक्या हिरव्या रंगाची, अंगावर पांढरट रेघा, आणि आकार असा की एकात दोघं जेवतील. 2016 मध्ये या वांग्यांना आणि जळगावच्या केळ्यांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. नवरा हे दर हिवाळ्यात ऐकवतो. मी दर हिवाळ्यात "असेल" म्हणते.

आत्यांच्या दिरांचं शेत आसोद्याच्या बाजूला. संध्याकाळी तिथे भरीत करायचं ठरलं. इकडे हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी हा एक रीतसर कार्यक्रमच असतो, लोक रजा काढून जातात. मामा, मी आणि चिरंजीव भाजीबाजारात वांगी घ्यायला गेलो. मामांनी एकेक वांगं उचलून हातावर तोललं. हलकं हवं म्हणाले, जड वांग्यात बी फार. नऊ-दहा नाकारली, मग एकदम पाच किलो घेतली. पिशवी आणायचं आम्ही विसरलो होतो. भाजीवाली बाई बाबागाडीकडे बघत होती. गाडी अर्थात रिकामी. तिचा मालक मामांच्या खांद्यावर बसून मामांची टोपी मागे-पुढे करत होता.

"त्यात टाका ना," ती म्हणाली.

मी नको म्हणेपर्यंत पाच किलो वांगी साडेसहा हजारांच्या आसनावर बसली. मामांनी वाकून पट्टाही लावला. परतीच्या वाटेवर त्या गाडीला इतकी सुंदर चाल आली की काय सांगू. वजन नीट बसलेलं, कुणी मध्येच उभं राहत नाही, कुणी चप्पल फेकत नाही. दोन बायका टोपीखाली वाकून बाळ बघायला आल्या आणि हसत सुटल्या.

शेतावर अंधार लवकर पडला. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केला होता, आणि त्यात वांगी तेलाचं बोट लावून सरळ टाकलेली. काड्यांची आग झटकन भडकते आणि झटकन बसते, त्यामुळे कुणीतरी सतत नव्या काड्या सरकवत बसायचं. वांग्याची साल आधी काळी पडते, मग एका जागी फुटते आणि तिथून शिट्टीसारखी वाफ निघते. पुरुषमंडळींनी हात पोळून घेत साली काढल्या. लाकडाच्या खोलगट भांड्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि वांगी एकत्र ठेचणं सुरू झालं. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. मिरच्या किती ते मी मोजल्या आणि मोजणं थांबवलं.

पोरासाठी मी घरून मऊ खिचडी आणली होती, डब्यात. त्यानं डबा बघितला आणि राखेत बसला. उचलला तर रडला, ठेवला तर पुन्हा राखेत. दुपारची झोप झालेली नव्हती. एव्हाना जेवणं बसायची वेळ आली होती आणि मी नेहमीच्या तयारीत होते: पोराला घेऊन लांब फेऱ्या मारायच्या, सगळ्यांचं होईपर्यंत, मग गार झालेलं उभ्यानं गिळायचं. पावणेदोन वर्षांत गरम जेवण मी किती वेळा बसून जेवले असेन? आठवत नाही, म्हणजे फार वेळा नसणार.

पण तो उठला आणि चालत बाबागाडीपाशी गेला. आत उरलेली तीन वांगी होती. ती त्यानं एकेक करून बाहेर टाकली, स्वतः चढून बसला, एक वांगं परत मागून घेतलं, ते पोटाशी धरलं आणि झोपला. सहलीतली ती गाडीतली पहिली झोप. ठेचण्याचा धपधप आवाज चालू, लोक मोठ्यानं बोलतायत, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी, आणि हा गाढ.

आत्या चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या, कळण्याची भाकरी थापत. ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी ती. तिचा वास साध्या भाकरीपेक्षा खरपूस येतो. गाडी त्यांच्या उजव्या बाजूला. त्यांनी पाय लांब केला, अंगठा चाकावर टेकवला आणि गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे करायला लागल्या. हात भाकरीवर, पाय गाडीवर. मी उठायला लागले तर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "खाय बाई, निवांत खाय. मी हाये न् अठी."

केळीच्या पानावर भरीत, भाकरी, बाजूला कांदा. मी मांडी घालून बसले. दोन्ही हात मोकळे होते. त्या मोकळ्या हातांचं काय करावं हे मला पहिले दोन घास कळलंच नाही. भरीत इतकं तिखट की कानात ऊब आली. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं होतं असं मी नवऱ्याला सांगितलं, आणि त्यानं ते मान्य केलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. या आत्यांबद्दल, पोराला सारखं उचलतात, वेळापत्रक मोडतात, तेलकट भरवतात, असं दोन दिवस मी नवऱ्याच्या कानाशी कुरकुरत होते, हेही लिहूनच टाकते.

चौथा दिवस मेहरूण तलावाच्या काठावर बोरं खाण्यात गेला.

परतीला पोर नवऱ्याच्या खांद्यावर. बाबागाडीत पाच किलो वांगी, एक फणी केळी, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा, कळण्याचं पीठ, आणि पट्टा लावलेला. प्लॅटफॉर्मवर एक आजोबा टोपीखाली डोकावले आणि म्हणाले, "नाकीडोळी छान हाये."

पुण्यात पोचल्यावर आईचा सांगलीहून फोन. कशी होती म्हणे ती वांगी?

"बरी असतात," मी म्हटलं.

"आणलीस किती?"

"पाच किलो."

पलीकडे बराच वेळ शांतता होती.