सिंहस्थाच्या टेप : डिस्कवर उतरल्या, आता बाहेर काढतोय

मामांकडच्या २००३ च्या सिंहस्थाच्या मिनीडीव्ही टेप (छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेट) लिनक्सच्या कॉम्प्युटरवर उतरवून जवळपास झाल्या. आता त्या फाइली इतरांपर्यंत पोचवायच्या, आणि इथे गाडी अडते. डीव्हीचा एक तास म्हणजे साधारण १३ जीबी. फॅट३२ (फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) फाइलचा आकार ३२ बिटांत लिहितं, म्हणजे जेमतेम ४ जीबीपर्यंतच, म्हणून रामकुंडावरची मिरवणूक वीसेक मिनिटांतच तुटते. तुकडे करायचेच असतील तर नेमके ४ जीबीचे मागू नका, मर्यादा त्याच्या एक बाइट अलीकडे आहे. मला मात्र तुकडे नकोतच.

त्यामुळे मूळ प्रत घरच्या ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) डिस्कवर, फिरती प्रत एक्सफॅटवर, त्याला ही ४ जीबीची अडचण नाही. विंडोजच्या एनटीएफएसला जर्नल (बदलांची नोंदवही) असतं, मध्येच वायर निघाली तर ते जास्त सावरून घेतं. पण नाशिकरोडचा एडिटिंगवाला मित्र मॅकवर काम करतो, आणि मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो.

देवनागरी नावं देणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. एक्सफॅट आणि एनटीएफएस नावात २५५ अक्षरचिन्हं घेतात, ईएक्सटी४ मात्र २५५ बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये (लिनक्सवर अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा आणि हलंतही वेगळे धरून. एकट्या ‘त्र्यंबकेश्वर’ला ३९ बाइट! भावाने विंडोजवर आखाडा, घाट, तारीख, कोण कोण दिसतंय, सगळं नावातच कोंबलं होतं. त्यातल्या बऱ्याच फाइली ईएक्सटी४ ने दारातूनच परत पाठवल्या. आता नाव आखूड, बाकी तपशील सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये.

कॉपीला आरसिंक हा प्रोग्रॅम. एक्सफॅटवर मालक-परवानग्या टिकत नाहीत, म्हणून त्याही राखू पाहणारा आर्काइव्ह मोड सोडून फक्त फोल्डर आणि वेळा राखतो. पार्शल (अर्धवट उतरलेली फाइल टिकवायचा पर्याय) चालू ठेवतो, आमच्याकडे दुपारी लाइटचा भरवसा नाही.

आणि शा-२५६, म्हणजे प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का ते तपासायचा फाइलचा ठसा. कॉपी संपल्या संपल्या तपासलंत तर लिनक्स बऱ्याचदा रॅममधलीच प्रत वाचतो आणि खुशाल ‘ओके’ म्हणतो. डिस्क अनमाउंट करा, काढा, परत लावा, मग तपासा. वेळखाऊ आहे, पण याशिवाय मी कुठलीही टेप पुसणार नाही.

त्र्यंबकच्या दोन टेपांत चित्रावर चौकोन येतायत. कोणाकडे फायरवायरचा (टेपवरचं कॉम्प्युटरवर उतरवायची जुनी केबल-जोडणी) चालू कॅमेरा असेल तर सांगा, दुसऱ्या हेडवर (टेप वाचणारा भाग) वाजवून बघायच्यात.