अनौपचारिक नेते शोधताना: ८६ माणसांच्या मशीन शॉपमधला माझा अनुभव

पद नसतानाही लोक ज्यांच्याकडे वळतात ती माणसं शोधायला आम्ही शॉपमध्ये प्रश्नावली फिरवली. पहिल्या फेरीत आमचा स्टोअरकीपर सगळ्यात मोठा नेता ठरला. प्रश्नच चुकला होता: "कामानिमित्त तुमचं रोज कोणाकोणाशी बोलणं होतं?" इन्सर्ट संपला, ड्रिल तुटलं, हातमोजे फाटले, की प्रत्येकाला स्टोअरच्या खिडकीशी जावंच लागतं. आम्ही माणूस मोजायला निघालो आणि खिडकी मोजून आलो.

चाकणच्या त्या शॉपमध्ये ८६ जण, तीन शिफ्ट. दुसऱ्या फेरीत तीनच प्रश्न ठेवले. मशीन अडलं आणि सुपरवायझर जागेवर नसेल तर कोणाला विचारता? शिफ्ट किंवा इन्सेंटिव्ह बदलणार असेल तर खरी बातमी कोणाकडून कळते? साहेबांशी खटका उडाला तर आधी कोणाशी बोलता? सल्ला, संवाद आणि विश्वास यांची जाळी, म्हणजे कोण कोणाकडे जातो याची चित्रं, वेगवेगळी काढायची, हे अभ्यासक डेव्हिड क्रॅकहार्ट आणि जेफ्री हॅन्सन यांनी १९९३ मध्येच मांडलेलं आहे. तिन्हींची बेरीज करून एकच यादी काढण्याचा मोह होतो. तो टाळा. एकाने दुसऱ्याचं नाव दिलं की चित्रात एक बाण. आमच्याकडच्या एका सेटरकडे, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याकडे, सल्ल्याचे १७ बाण येत होते आणि विश्वासाचे फक्त दोन. ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरायची टूलची मापं, त्याला विचारायचा, मनातलं मात्र दुसऱ्याकडे बोलायचं.

नावं आठवून लिहायला सांगितली तर माणूस जवळची तीन-चार लिहून थांबतो. म्हणून विभागवार छापील यादी दिली, मराठी आणि हिंदीत, समोर टिक करायला चौकोन. ही यादी एचआरकडून आली आणि तिथेच फसलो. ठेकेदाराची माणसं तिच्यात नव्हती. सहा जणांनी कागदाच्या तळाशी एकाच हेल्परचं नाव हाताने लिहिलं, तेव्हा ते ध्यानात आलं. हद्द कुठे आखायची हे आधी ठरवा: शॉपमध्ये रोज उभा असणारा प्रत्येक जण यादीत हवा, पगार कोणीही देवो.

कागद सुपरवायझरच्या हातून वाटू नका. वाटले, तर सगळे त्याच्याच नावावर टिक करतात. शिफ्ट बदलताना कँटीनमध्ये २० मिनिटं, कुलूपबंद पेटी, लाइनवरचं कोणी साहेब आसपास नाही. आणि ही प्रश्नावली निनावी आहे असं सांगू नका. कोणी कोणाचं नाव दिलं हे कळल्याशिवाय जाळं निघतच नाही. गोपनीय आहे, कागद कोण पाहणार आणि कधी फाडणार, एवढं सरळ सांगितलं की लोक भरतात. ईमेल किंवा फोनच्या नोंदींवरून जाळं काढणं ऑफिसात जमेल. सीएनसीवरच्या माणसाला कंपनीचा ईमेलच नसतो.

८६ जणांत शक्य बाण ८६ गुणिले ८५, म्हणजे ७,३१०. सल्ल्याच्या जाळ्यात आमचे ५१२ निघाले, जेमतेम सात टक्के. ज्याने कागद भरला नाही त्याच्याकडे येणारे बाण दिसतात, त्याच्याकडून निघणारे नाहीत. त्यामुळे येणाऱ्या बाणांची मोजणी बऱ्यापैकी टिकते, पण पूल, म्हणजे दोन गटांना जोडणारी माणसं, चुकीची दिसतात. ८० टक्क्यांखाली प्रतिसाद असेल तर पुलांचा आकडा मी काढतच नाही, पुन्हा कागद घेऊन फिरतो.

नोंदीत नावं टाकू नका, कर्मचारी क्रमांक टाका. पाटील तीन विभागांत आहेत, आणि "मामा" म्हणून हाताने लिहिलेला माणूस कोणता हे विचारावं लागतं. जाळ्याचं चित्र आणि आकडे काढायला गेफी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याला दोन तक्ते लागतात, एक माणसांचा आणि एक बाणांचा. बाणांच्या तक्त्यात सोर्स आणि टार्गेट ही शीर्षकं इंग्रजीतच हवीत, आणि आत घेताना डायरेक्टेड, म्हणजे दिशा असलेलं, निवडायचं. नाहीतर "मी त्याला विचारतो" आणि "तो मला विचारतो" यांतला फरकच पुसला जातो. विभागांची नावं मराठीत असतील तर एक्सेलमधून सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करा, नुसतं सीएसव्ही केलं की प्रश्नचिन्हांची रांग येते.

येणारे बाण लगेच मोजून होतात. पूल असलेली माणसं शोधायला गेफीतलं नेटवर्क डायमीटर चालवायचं, त्यातच बिटवीननेस मिळतो, म्हणजे इतरांमधले जवळचे रस्ते एखाद्यावरून किती जातात याचा आकडा. हे माप लिंटन फ्रीमन यांनी १९७७ मध्ये मांडलं. आमच्याकडे यात वर आलेल्या दुसऱ्या शिफ्टच्या तपासनिसाकडे अवघे चार बाण येत होते. पण रात्रपाळी आणि दिवसपाळी यांच्यातला जवळपास प्रत्येक रस्ता त्याच्यावरून जात होता. नुसती लोकप्रियता पाहिली असती तर तो सुटला असता. उलट एकाकडे नऊ बाण होते, पण नऊही त्याच्याच लाइनचे. तो लाइनचा जुना जाणता, शॉपचा नेता नव्हे. म्हणून बाण किती यापेक्षा किती विभागांतून आले हे मी आधी बघतो, आणि पदामुळे ज्यांच्याकडे जावंच लागतं त्यांना बाजूला काढून आकडे पुन्हा चालवतो.

चित्र तयार झालं की साहेब लोक दोन गोष्टी मागतात. एक, ज्यांच्याकडे एकही बाण नाही त्यांची यादी. ती द्यायची नाही, आणि हे काम सुरू करण्याआधीच लेखी घ्यायचं. नंतर मागितलेली यादी कपातीच्या फायलीत जाते. दुसरी, वर आलेल्यांना सुपरवायझर करूया. इथेही थांबा. रिपोर्ट लिहिण्याचा अधिकार ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडेच माणसं मोकळं बोलतात. खुर्ची दिली की ते बाण आटतात.

आम्ही एवढंच केलं: नव्या तपासणी तक्त्याचा मसुदा नोटीस बोर्डावर लागण्याआधी तीन दिवस वर आलेल्या सहा-सात जणांना दाखवला. त्यांनी दोन रकाने खोडले, कारण हातमोजे घालून ते भरताच येत नव्हते. पेटीतले कागद त्याच आठवड्यात फाडले. आता ठेवलाय तो फक्त क्रमांकांचा तक्ता, सहा महिन्यांनी त्या तिनांतला पहिला, सल्ल्याचा प्रश्न पुन्हा विचारायला.