बारा ते चार

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गणपतीत एक कार्यक्रम असा होता, जो पत्रिकेत कधी छापला गेला नाही आणि चुकलाही नाही. बक्षीस समारंभाच्या रात्री शाल-श्रीफळ देण्यासाठी आजोबांचं नाव पुकारलं जायचं. माईकवरचे काका आवाज चढवून सुरू करायचे, "१९७१ च्या युद्धात ज्यांनी कराची बंदर पेटवलं, ते आपल्या चाळीचे..." तोवर आजोबा खुर्चीतून अर्धे उठलेले असायचे. उठता उठताच म्हणायचे, "मी मुंबईत होतो."

लोक हसायचे. काका कागदावर काहीतरी खोडल्यासारखं करायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा कराची पेटायची. मला लहानपणी वाटे, हे दोघांनी ठरवून केलेलं आहे. तसं नव्हतं. काकांना ते वाक्य आवडत होतं आणि आजोबांना ते सहन होत नव्हतं, एवढंच.

आजोबा मालवण तालुक्यातले. १९५६ साली, सतराव्या वर्षी नेव्हीत गेले. कोचीच्या सिग्नल स्कूलमध्ये शिकले, सिग्नलमन झाले. १९६१ ला गोव्याच्या वेळी आयएनएस म्हैसूरवर होते. चीफ पेटी ऑफिसर होऊन १९८२ ला बाहेर पडले आणि पुढची पंधरा वर्षं एका बँकेत सिक्युरिटीला. घरात आमच्याशी मालवणी, माईकवर शुद्ध मराठी, आणि रागावले की हिंदी. चाळीत त्यांना सगळे 'नेव्ही आजोबा' म्हणत. चाळीचं मंडळ म्हणजे त्यांना मिळालेलं शेवटचं जहाज होतं, असं आई म्हणायची. ते काही कौतुकानं नाही. गणपतीच्या महिन्यात आजोबा घरात सापडत नसत म्हणून.

मांडवाचे बांबू बांधणारे लोक यायचे ते काथ्याची दोरी गुंडाळून, ओढून, जमेल तशी गाठ मारायचे आणि अकरा दिवसांनी कोयत्यानं कापून टाकायचे. आजोबांना ते बघवायचं नाही. तोरणांचे आणि माळांचे दोर त्यांनी स्वतःकडे घेतले होते. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला बोलाईन मारून ठेवायचे. ती गाठ कितीही ताण आला तरी सरकत नाही, आणि ताण काढला की बोटानं मागे ढकलून उघडते. माणसानं सोडली तर सुटली पाहिजे, वाऱ्यानं नाही, असं ते प्रत्येक नव्या पोराला सांगायचे. त्यांच्या दोरांचे तुकडे कधी झाले नाहीत. तेच दोर वर्षानुवर्षं निघाले. मांडववाला म्हणायचा, आजोबा, तुमच्यामुळे माझा धंदा बसेल.

विविध गुणदर्शनात एका वर्षी त्यांनी आम्हा पोरांकडून सेमाफोर बसवून घेतलं. दोन हातांत दोन निशाणं, हातांच्या कोनावरून अक्षर ओळखायचं. आठ पोरं, इंग्रजीतली आठ अक्षरं: GANAPATI, गणपती. मी नऊ वर्षांची, आणि पहिलं अक्षर माझं, 'जी'. महिनाभर तालमी गच्चीवर झाल्या. आजोबा समोर उभे राहून दाखवायचे आणि आम्ही करायचो. घोटाळा तिथेच होता. मी त्यांची आरशासारखी नक्कल करत होते, त्यांचा डावा तो माझा उजवा. सेमाफोरमध्ये 'जी' उलटा केला की 'ए' होतो. तालमीत ते मला रोज फिरवून उभी करायचे, पण त्या रात्री स्टेजवर समोर तेच बसलेले, त्यांना बघून हात आपोआप तसेच गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सबंध चाळीत आजोबांना एकट्यांनाच कळलं की आम्ही 'आनपती' लिहिलंय. पुढे लग्न होऊन मी ठाण्याला जाईपर्यंत त्यांनी मला त्याच नावानं हाक मारली.

पण मला सांगायचं आहे ते रात्रीच्या पहाऱ्याचं. मूर्तीपाशी रात्रभर कुणीतरी जागं पाहिजे हा नियम सगळ्याच मंडळांत असतो आणि सगळ्याच मंडळांत पहाटे तीनला सतरंजीवर चार पोरं घोरत असतात. आजोबांनी ऑफिसच्या फळ्यावर खडूनं वेळा आखल्या: आठ ते बारा, बारा ते चार, चार ते आठ. जहाजावर याला वॉच म्हणतात. तिथे संध्याकाळचे चार ते आठ हे चार तास मुद्दाम दोन-दोन तासांत तोडतात, त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळे दिवसाचे सहाऐवजी सात वॉच होतात आणि मधल्या रात्रीची पाळी रोज त्याच माणसांच्या डोक्यावर बसत नाही. हे गणित त्यांनी कार्यकारिणीला समजावून सांगितलं. कार्यकारिणीला ते समजलं नाही, पण फळ्यावर रोज एक घर पुढे सरकायचं एवढं ठरलं. वॉच बदलायला पंधरा मिनिटं आधी यायचं, हाही नियम. बारा वाजता येणारा माणूस उशिरा आलेला धरला जाई.

त्यांचं स्वतःचं नाव मात्र सरकत नसे. बारा ते चार, रोज, अकराही रात्री.

तेरा वर्षांची असताना मी म्हटलं, माझंही नाव लिहा. तोपर्यंत मुली रांगोळी, प्रसाद आणि हळदीकुंकू यांच्यापुरत्या. खजिनदारांनी सांगितलं, रात्रीचं बरं दिसत नाही. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि आपल्या नावाखाली माझं लिहिलं.

गिरगाव रात्री दोनला जेवढं शांत होतं तेवढं एरवी कधीच होत नाही. समईत तेल घालायचं, मूर्तीवरचा दिवा बघायचा, थर्मासमधला चहा अर्धा अर्धा. "काय गो चेडवा, झोप इली?" दर अर्ध्या तासानं. नाही म्हटलं की ते एखादी गोष्ट सांगत. बहुतेक गोष्टी जहाजावरच्या जेवणाच्या आणि कुणाला तरी कसं फसवलं याच्या होत्या. एकदाच वेगळं सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. मी विचारलं होतं की आपली वर्गणी अशी का.

चाळीत वर्गणी एक्कावन्न, एकशे एक, पाचशे एक अशी द्यायची पद्धत. आमची पावती कायम सातावर संपणारी: एकशे सात, दोनशे सात. खजिनदार दरवर्षी एक रुपयाच्या जागी सात बघून हसायचे.

१९७१ ला आजोबा किनाऱ्यावर, इथे मुंबईत सिग्नलच्या ड्युटीवर होते. शहरात ब्लॅकआऊट. चाळीच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले, आजी कंदिलावर फडकं टाकून माझ्या वडिलांना जेवायला घालायची. आजोबांचा सिग्नल स्कूलचा दोस्त आयएनएस खुकरी या युद्धनौकेवर होता. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं खुकरीवर टॉर्पेडो सोडले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या दोस्ताचं नाव आजोबांनी मला सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही.

"जायच्या आधी कॅन्टीनात मी त्याच्याकडून सात रुपये घेतले होते," ते म्हणाले. आणि मग मालवणीत, "ते माझ्याकडेच रवले गो."

मग उठून समईची वात पुढे केली. चारला पुढची पोरं आली, आली म्हणजे मी जाऊन उठवून आणली.

२०१४ ला मंडळानं विक्रांत या विमानवाहू जहाजाचा देखावा केला. जुनी विक्रांत १९९७ ला सेवेतून निघाली, मग काही वर्षं मुंबईतच म्युझियम म्हणून उभी होती आणि आता भंगारात जाणार हे पक्कं झालं होतं. पोरांनी थर्माकोलचं जहाज छान केलं होतं, 'आर ११' हा तिचा नंबरसुद्धा रंगवला होता. मागे पडद्यावर जळणारी कराची. आजोबांनी चष्मा लावून सगळं बघितलं. मग शांतपणे सांगितलं की विक्रांत त्या वेळी बंगालच्या उपसागरात होती. ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र बोटी. पोरांचे चेहरे पडले. चतुर्थीला दोन दिवस उरलेले. शेवटी पडद्यावरच्या कराचीची पाटी खोडून तिकडच्या चितगाव बंदराचं नाव लिहिलं. आग तीच ठेवली. विक्रांत तोडायला घेतल्याचं नंतर पेपरात आलं, ते पान आजोबांनी घडी करून रद्दीत टाकलं. त्यावर त्यांच्याशी बोलायची माझी हिंमत झाली नाही.

२०१९ च्या जुलैत आजोबा कुलाब्याच्या अश्विनी या नेव्हीच्या हॉस्पिटलात वारले. ऐंशी वर्षांचे होते, त्रास फार झाला नाही.

गणपती दीड महिन्यानं होते. बक्षीस समारंभाच्या रात्री मी ठाण्याहून आले. पहिल्या रांगेत आजी, शेजारची खुर्ची कुणी न सांगता रिकामी ठेवलेली. माईकवर तेच काका, आता त्यांचेही केस पांढरे. श्रद्धांजलीचा कागद त्यांनी उघडला, घसा साफ केला आणि वाचलं, "१९७१ च्या युद्धात ज्यांनी कराची बंदर..."

आणि थांबले. सवयीनं थांबले. वीसेक वर्षं त्या जागी थांबायची सवय होती.

"मुंबयत होते," आजी बसल्या जागेवरून म्हणाली.

काकांनी खिशातून पेन काढलं, कागदावर खोडलं, या वेळी खरंच खोडलं, आणि वाचलं, "मुंबईत होते." पुढचं त्यांना नीट वाचता आलं नाही. कागद सेक्रेटरीकडे दिला.

ऑफिसच्या फळ्यावर बारा ते चारचा रकाना कोरा होता. कुणी लिहायला धजावलं नसावं. मी खडू शोधला, सापडेना, मग कॅरमच्या पावडरीच्या डब्यामागे एक तुकडा मिळाला.

पावणेबाराला थर्मास घेऊन खाली गेले. आठ ते बाराची दोन पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. एकानं वर बघितलं, मग घड्याळाकडे.

"ताई, अजून पंधरा मिनिटं आहेत."

"माहीत आहे," म्हटलं, "जा तुम्ही."